बी अडवू नये

संक्रांतीला तिलवारा घाटावर नर्मदास्नानाला गर्दी होते, जत्रा भरते आणि इकडे जबलपूरच्या मराठी घरांत हळदीकुंकवाची लगबग सुरू होते. स्टीलच्या वाटीऐवजी रोप लुटणारी घरंही आता दिसतात. तुळस, कोरफड, मनीप्लांट अगदी मोकळ्या हातानं दिले जातात. पामचं रोप देताना मात्र हात आखडतो. ते नर्सरीत महाग मिळतं, वाढायला वर्षं घेतं, हे खरं. तरीही बागेची हौस असणाऱ्यांनी या आखडलेल्या हाताचा विचार करायला हवा.

जास्वंदीची फांदी खोचली की नवं झाड होतं. नारळ, पोफळ, ताड, फॉक्सटेल यांचं तसं नाही. त्यांना एकच शेंडा असतो आणि तो छाटला की झाड मरतं. त्यांचा वंश बियांवरच चालतो, आणि बीही फार काळ थांबत नाही. खजुराच्या जातीचं बी वाळवून टिकतं, पण नारळ-पोफळीसारख्या कितीतरी पामांचं बी सुकलं की गेलं. धान्यासारखं ते कणगीत भरून ठेवता येत नाही. भेरली माडाचा एक घोस पिकला की बियांचा सडा पडतो आणि आपल्याकडे जागा असते दोन कुंड्यांची. उरलेल्या बियांवर आपला हक्क तो कसला? ‘पुढे कुणीतरी मागेल’ म्हणून डब्यात ठेवलेलं बी मागणारा येईपर्यंत मेलेलं असतं.

दुसऱ्याला दिलेलं रोप आपल्याही कामी येतं, हे शिंदीकडे पाहिलं की कळतं. या भागात तिला छिंद म्हणतात आणि तिच्या पानांचे झाडू घरोघरी असतात. शिंदीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत रोप कोणतं ते ओळखू येत नाही. अंगणात एकटी मादी असेल आणि आसपास नर नसेल, तर फळ धरत नाही. शेजाऱ्याला दिलेल्या रोपाचा पराग उद्या आपल्याच झाडाला लागू शकतो.

ताली पामची हकिकत तर प्रत्येक बागप्रेमीनं लक्षात ठेवावी अशी आहे. बंगालमधला हा पाम आयुष्यात एकदाच फुलतो, फळं पिकली की मरतो. रानातलं त्याचं शेवटचं ज्ञात झाड पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात होतं. त्याचा प्रचंड फुलोरा पाहून गावकऱ्यांना ते भुताटकीचं वाटलं आणि 1979 मध्ये, फळं पिकण्याआधीच, त्यांनी ते तोडलं. एक झाड ढाका विद्यापीठाच्या आवारात उभं होतं. ते 2008 मध्ये फुललं आणि 2010 मध्ये मेलं. तेवढ्या काळात त्याची फळं गोळा झाली, रोपं तयार झाली आणि ती ठिकठिकाणी लावायला दिली गेली. ती सगळी एकाच आवारात ठेवली असती, तर एखाद्या वादळानं किंवा रोगानं पुन्हा तीच पाळी आली असती.

देण्याची जबाबदारीही असते. लाल सोंड्या भुंगा माडाच्या खोडात शिरून झाड आतून पोखरतो. आपल्याकडचा हा शत्रू 1980 च्या दशकात लागवडीच्या रोपांबरोबर आखाती देशांत पोचला आणि तिथल्या खजुराच्या बागांचा काळ ठरला. म्हणून किडीची शंका असलेलं रोप कितीही जवळच्या माणसानं मागितलं तरी देऊ नये. परदेशातून येताना बिया खिशात घालून आणू नयेत. त्यासाठी वनस्पती संगरोधाचे नियम आहेत आणि ते आपल्याच माडांच्या रक्षणासाठी आहेत.

बी द्यायचं तर गर पूर्ण काढून, धुऊन द्यावं. भेरली माडाचा गर हाताला भयंकर खाजतो, तेव्हा हातमोजे घालावेत आणि घेणाऱ्यालाही तसं सांगावं. सोबत चिठ्ठी असावी: झाडाचं नाव, बी कधी पडलं, ऊन किती लागतं. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. शिंदीचं पहिलं पान हुबेहूब गवताच्या पात्यासारखं असतं. माहीत नसलेला माणूस ते तण समजून उपटून टाकतो आणि ‘बी रुजलंच नाही’ म्हणतो. माहितीवाचून दिलेलं रोप अर्धवटच दिलेलं असतं.

जानेवारीच्या थंडीत पामचं बी सहसा रुजत नाही, त्याला ऊब हवी. म्हणून पेरणी उन्हाळ्याच्या अखेरीस करा आणि तयार झालेली रोपं पुढे सवडीनं लुटा. या वर्षी आपल्या दारच्या पामला फळ धरलं, तर पेरण्याआधी घेणाऱ्यांची नावं काढा. निदान निम्मं बी त्यांच्या घरी पोचवा, आणि तेही ताजं असतानाच.