मौन कोणाचे रक्षण करते?



जून-जुलै महिना आला की आपल्या धर्मग्रामातील काही मुलेमुली परदेशी शिक्षणाला निघण्याच्या तयारीला लागतात. जाण्यापूर्वी आशीर्वाद घ्यायला आईवडिलांसोबत भेटायला येतात. एकदा असेच एक कुटुंब आले होते. मुलगी अमेरिकेला निघाली होती. वडिलांना विद्यापीठाचा क्रमांक, फी, बँकेच्या कर्जाचा हप्ता, सगळे तोंडपाठ होते. आई मात्र गप्प होती. निघताना दारापाशी थांबून तिने विचारले, ‘‘फादर, ती राहणार ते होस्टेल सुरक्षित असेल ना?’’ वडील हसून म्हणाले, ‘‘अगं, अमेरिका आहे ती!’’

मला मात्र हसू आले नाही. कारण त्या आईने विचारलेला प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्याच एका आईवडिलांना पडला होता आणि त्यांना खरे उत्तर कोणी दिले नव्हते. आज अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. पण ते कोणाच्या उदारपणामुळे नव्हे, तर एका मुलीच्या मृत्यूनंतर मिळू लागले आहे.

तीन उघडी दारे

त्या मुलीचे नाव जीन क्लेरी. तिचे दोन भाऊ टुलेन विद्यापीठात शिकले होते. तीही तिथेच जाणार होती. पण त्या विद्यापीठातील एका विद्यार्थिनीचा खून झाल्याचे कानांवर आले आणि कुटुंबाने तो विचार सोडला. त्याऐवजी त्यांनी पेन्सिल्व्हेनिया राज्यातील लीहाय विद्यापीठ निवडले. टेकडीवरचा हिरवागार, शांत परिसर. गावाचे नावही बेथलेहेम. आईवडील निर्धास्त झाले.

५ एप्रिल १९८६ रोजी पहाटे जीनवर तिच्या वसतिगृहाच्या खोलीत बलात्कार झाला आणि तिचा खून करण्यात आला. ती १९ वर्षांची होती. मारेकरी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. चोरीच्या इराद्याने तो इमारतीत शिरला होता. तिच्या खोलीपर्यंत पोहोचताना त्याला आपोआप कुलूप लागणारी तीन दारे ओलांडावी लागली. तिन्ही उघडी होती. येणाऱ्याजाणाऱ्या मुलांनी आपल्या सोयीसाठी पिझ्झाचे रिकामे खोके वगैरे अडकवून ती उघडी ठेवली होती.

पुढे आईवडिलांना आणखी दोन गोष्टी कळल्या. त्या वसतिगृहाची दारे अशी उघडी ठेवली जात असल्याच्या १८१ नोंदी आधीच्या चार महिन्यांत झाल्या होत्या. आणि आधीच्या तीन वर्षांत त्या परिसरात ३८ हिंसक गुन्हे घडले होते. विद्यापीठाला हे ठाऊक होते. विद्यार्थ्यांना आणि पालकांना ते सांगितले गेले नव्हते.

खोका कोणी लावला?

खुनाचा दोष खुन्याचा. त्यात वाटेकरी शोधून त्याचे ओझे हलके करण्याचे कारण नाही. न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. तरीही मनात एक प्रश्न उरतोच. ज्या मुलाने वा मुलीने त्या रात्री दारात खोका अडकवला, त्याचे काय?

मी गुरुविद्यालयात तत्त्वज्ञान शिकत असताना आमच्या वसतिगृहाच्या मागच्या दाराशी एक वीट असे. संध्याकाळी बाहेर चहाला गेलेल्यांना परत येता यावे म्हणून दारात ती वीट लावून ठेवण्याची पद्धत होती. मीही ती कितीतरी वेळा लावली आहे. कधी काही घडले नाही. सकाळी वर्गात आम्ही सदाचारावर टिपणे काढत होतो आणि रात्री दाराला वीट लावत होतो. यात काही विसंगती आहे हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली नेमका हा प्रश्न मांडला. दोन माणसे एकच निष्काळजीपणा करतात. एकाच्या वेळी काही घडत नाही, दुसऱ्याच्या वेळी माणूस मरतो. दुसरा अधिक वाईट ठरतो का? दोघांचे मन सारखे, कृती सारखी. फरक फक्त नशिबाचा. १८१ वेळा दार उघडे राहिले आणि काही झाले नाही, म्हणून ते १८१ वेळा योग्य होते असे थोडेच म्हणता येईल! मी लावलेली वीट आणि तो खोका यांत माझ्या चांगुलपणामुळे फरक पडला नाही. माझ्या वेळी चोर आला नाही, एवढेच.

पण इथेच थांबलो तर आपण सगळा दोष पोरांच्या अल्लडपणावर टाकून मोकळे होऊ. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला दारात खोका लावताना काय ठाऊक होते? आपल्या परिसरात ३८ हिंसक गुन्हे झाले आहेत हे त्याला कोणी सांगितले होते का? ज्याला धोका माहीत नाही त्याची सावधगिरी ढिली पडणारच. म्हणजे दार उघडे राहिले याचे एक कारण, माहिती बंद राहिली हे होते.

सुकाणूवरचा माणूस

संत थॉमस अक्वायनस यांनी न केलेल्या गोष्टींच्या जबाबदारीचा विचार करताना जहाजाच्या सुकाणूवाल्याचे उदाहरण दिले आहे. सुकाणूवाल्याने सुकाणू सोडले आणि जहाज बुडाले, तर ते बुडणे त्याच्या माथी येते. त्याने जहाजाला भोक पाडलेले नसते. पण सुकाणू धरणे त्याला शक्य होते आणि ते त्याचे कर्तव्यही होते. ‘शक्य होते’ आणि ‘कर्तव्य होते’ या दोन्ही अटी पूर्ण झाल्या की, ‘मी काही केलेच नाही’ हा बचाव उरत नाही. मिस्साच्या आरंभी आपण विचार, शब्द आणि कृतीबरोबरच कर्तव्यात केलेल्या कसुरीचीही कबुली देतो, ती याचसाठी.

विद्यापीठाजवळ नोंदी होत्या. म्हणजे सांगणे शक्य होते. लेकरे त्याच्या हवाली केलेली होती. म्हणजे सांगणे कर्तव्यही होते. मग का सांगितले नाही? बहुतेक संस्था जे कारण देतात तेच इथेही असावे : नाव खराब होईल, पालक घाबरतील, प्रवेश कमी होतील. असा निर्णय घेणारी माणसे दुष्ट असतात असे नाही. त्यांचे आपल्या संस्थेवर प्रेम असते. पण संस्थेचे नाव जपताना ज्यांच्यासाठी संस्था उभी राहिली तीच माणसे अंधारात राहत असतील, तर त्या प्रेमाची दिशा चुकली आहे असेच म्हणावे लागेल.

शोकातून कायदा

हॉवर्ड आणि कॉनी क्लेरी या आईवडिलांनी विद्यापीठाला न्यायालयात खेचले. तो दावा तडजोडीने मिटला. पण त्यांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. १९८७ साली त्यांनी विद्यापीठ परिसरातील सुरक्षेसाठी एक संस्था काढली. १९८८ मध्ये पेन्सिल्व्हेनियात कायदा झाला आणि नोव्हेंबर १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी साऱ्या देशासाठीच्या कायद्यावर सही केली. १९९८ पासून त्याला जीन क्लेरीचे नाव जोडले गेले.

सरकारच्या विद्यार्थी साहाय्य योजनांत सहभागी असलेल्या प्रत्येक महाविद्यालयाला आणि विद्यापीठाला तो लागू आहे. दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागील तीन वर्षांतील गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध करावे लागतात : खून, लैंगिक अत्याचार, लूटमार, घरफोडी, जाळपोळ इत्यादी. वसतिगृहांत किती गुन्हे घडले ते वेगळे दाखवावे लागते. जिथे सुरक्षा विभाग आहे तिथे रोजच्या गुन्ह्यांची नोंदवही ठेवावी लागते आणि ती कोणालाही पाहता येते. धोका अजून टळलेला नसेल तर विद्यार्थ्यांना वेळीच सावध करावे लागते. २००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून मारले. त्यानंतर २००८ मध्ये तातडीच्या सूचनांची तरतूद अधिक कडक करण्यात आली.

कायदा झाला म्हणून लपवालपवी थांबली असे नाही. डिसेंबर २००६ मध्ये ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या वसतिगृहात एक विद्यार्थिनी मृतावस्थेत सापडली. घातपाताचा संशय नाही असे विद्यापीठाने सांगितले. तिच्या आईवडिलांचाही तोच समज झाला. सुमारे दहा आठवड्यांनी एका विद्यार्थ्याला तिच्या खुनासाठी अटक झाली, तेव्हा त्यांना सत्य कळले. लेक गेल्याचे दुःख त्यांच्या वाट्याला होतेच, त्यावर फसवले गेल्याचे दुःख आले. पुढे विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले.

दोन प्रकारचे मौन

मग सगळेच चव्हाट्यावर मांडावे का? मी धर्मगुरू आहे. गुप्तता हा माझ्या पाचारणाचाच भाग आहे. पापनिवेदनात ऐकलेले मी प्राण गेला तरी बोलणार नाही. तेव्हा मौनाच्या विरोधात लिहिणारा मी कोण, असे कोणी विचारले तर ते योग्यच आहे.

या बाबतीत क्लेरी कायद्यात एक अर्थपूर्ण गोष्ट आहे. गुन्ह्याची माहिती कळली तर ती कळवण्याचे बंधन तो वसतिगृहाच्या प्रमुखांवर, क्रीडा प्रशिक्षकांवर आणि इतर अनेकांवर घालतो. पण धार्मिक समुपदेशक आणि व्यावसायिक मानसोपचार समुपदेशक त्या भूमिकेत ऐकत असतील तर त्यांना यातून वगळतो. जखमी माणसाला मन मोकळे करायला एक तरी सुरक्षित जागा हवी, हे त्या कायद्याला कळते. प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांत पीडितांची नावेही नसतात.

म्हणजे प्रश्न मौन की बोलणे असा नाही. हे मौन कोणाचे रक्षण करते, हा खरा प्रश्न आहे. एका मुलीवर अत्याचार झाला आणि तिचे नाव आपण ओठांवर येऊ दिले नाही, तर ते मौन तिच्यावर पांघरूण घालते. अत्याचार झालाच नाही असे आपण भासवले, तर तेच पांघरूण अत्याचार करणाऱ्यावर आणि संस्थेवर पडते, आणि उद्याची मुलगी उघडी पडते. दोन्ही मौने बाहेरून सारखी दिसतात. दोघांनाही ‘अब्रू’ हाच शब्द वापरला जातो. म्हणून तर आपली फसगत होते.

काही जण म्हणतात, आकडे छापून काय होते? उलट प्रामाणिक विद्यापीठ बदनाम होते. यात तथ्य आहे. ज्या ठिकाणी मुली निर्भयपणे तक्रार करतात तिथले आकडे वाढलेले दिसतात आणि जिथे त्यांची तोंडे दाबली जातात तिथे शून्य दिसते. म्हणून आकडा वाचणाऱ्यानेही विवेक वापरायला हवा. मोठ्या वसतिगृहांच्या विद्यापीठात वर्षानुवर्षे लैंगिक अत्याचाराची नोंद शून्य असेल, तर ते पाहून निर्धास्त होण्याऐवजी थोडे अस्वस्थ व्हावे.

आपलेही अंगण

हे दूरच्या देशातले म्हणून सोडून देता येत नाही. मार्च २०२४ मध्ये या कायद्याच्या उल्लंघनासाठी अमेरिकन सरकारने लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलरचा दंड केला. हे विद्यापीठ ख्रिस्ती आहे. तक्रार केली तर शिस्तीचे नियम मोडल्याबद्दल आपल्यालाच शिक्षा होईल या भीतीने तिथे पीडित गप्प राहत, असे सरकारी चौकशीत आढळले. ज्या नियमांनी सदाचार शिकवायचा, त्यांनीच जखमी मुलीचे तोंड बंद केले. आणि आपल्या ख्रिस्तसभेनेही अनेक देशांत बालकांवर झालेले अत्याचार नाव राखण्यासाठी झाकले, हे मान्य केल्याशिवाय मला दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवण्याचा हक्क नाही. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी अशा गोष्टी आपल्या धर्माधिकाऱ्यांना कळवणे धर्मगुरू आणि व्रतस्थांवर बंधनकारक केले. पापनिवेदनाची मोहोर मात्र अभंग राहिली. तिथेही भेद तोच आहे.

त्या दिवशी मी त्या कुटुंबाला पुन्हा बसायला सांगितले. कार्यालयातल्या संगणकावर मुलीच्या विद्यापीठाचा वार्षिक सुरक्षा अहवाल उघडला. तो जगातल्या कोणालाही फुकट वाचता येतो. आपल्या गावातल्या आईलाही! आम्ही चौघांनी वसतिगृहाचा रकाना पाहिला, रात्री सोबतीला सुरक्षारक्षक मिळतो का, तक्रार कुठे करायची, हे वाचले. आकडे शून्य नव्हते. वडिलांचा चेहरा गंभीर झाला. आई मात्र पहिल्यांदा मोकळेपणी बोलू लागली. खरे कळल्यावर माणूस घाबरतोच असे नाही. कित्येकदा त्याला हातात काहीतरी धरायला मिळते.

मुलीला मी एवढेच सांगितले, ‘‘बाळ, तिथे गेल्यावर कोणाच्या सोयीसाठी दार उघडे ठेवू नकोस. तुझ्यामागे आत कोण येईल ते तुला माहीत नसते. आणि काही वाईट घडलेले दिसले तर गप्प बसू नकोस.’’

ती गेल्यावर मला वाटले, यातले दुसरे वाक्य तिच्यापेक्षा आम्हा मोठ्यांनाच अधिक लागू आहे. आपल्या शाळेत, होस्टेलात, सोसायटीत, धर्मग्रामात काही वाईट घडले आणि ‘बाहेर जाऊ देऊ नका’ असे शब्द ओठांवर आले, तर क्षणभर थांबून स्वतःला विचारू या : हे मौन कोणाचे रक्षण करते?