स्क्रीनचं तोंड कुणीकडे?

पुण्यातल्या एका परिसंवादात यंदा एका तज्ज्ञांनी जाहीर केलं, की इंटरफेसचे दिवस भरले. बटणं, मेनू, खिडक्या सगळं जाणार; माणूस बोलेल, यंत्र ऐकेल, काम फत्ते. टाळ्या पडल्या. मी हात मांडीवरच ठेवले. पंधराच दिवसांपूर्वी मोखाड्यातल्या एका पाड्यावर, अंगणवाडीच्या ओट्यावर बसून मी इंटरफेस नावाचा प्राणी बघून आलो होतो. त्याची तब्येत ठणठणीत होती.

'बोलेल' म्हणजे कुठल्या भाषेत, हा वाद जुनाच. सरकारची भाषांतर-सेवा 'भाषिणी' राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषा धरून निघाली. त्या पाड्यावरची वारली त्या यादीतच नाही. संशोधक इंद्राणी मेढींनी बंगळुरूत घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर अक्षरांविना चालणारे स्क्रीन करून पाहिले, त्यालाही वीसेक वर्षं झाली. आणि अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप 'पोषण ट्रॅकर' इंग्रजीत आलं म्हणून 2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, हे त्या वक्त्यांच्या गावी नसावं.

मला बोलायचंय ते डेव्हिड मॉर्ले यांच्याबद्दल. या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं 1950 च्या दशकात नायजेरियातल्या खेड्यांत काम करताना मुलांच्या वाढीचं कार्ड घडवलं आणि ते दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हाती दिलं. पुढे त्यांच्या संस्थेनं एक वजनकाटा काढला. त्यात वाढीचा तक्ता स्प्रिंगच्या मागे बसवायचा, मूल खाली लटकवायचं, स्प्रिंग ताणली की तिच्या टोकाच्या भोकातून पेननं तक्त्यावर ठिपका द्यायचा. आकडा वाचायची गरज नाही. स्प्रिंग किती ताणली हे आईला समोर दिसतं. मागच्या महिन्याचा ठिपका शेजारीच. इंटरफेसवर एवढं शहाणं काम मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि त्याला बॅटरी लागत नाही.

आता ओट्यावर या. टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची पाकिटं घ्यायला एक आई आली. जुलै 2025 पासून चेहरा जुळल्याशिवाय पाकीट नाही. तिची केवायसी राहिली होती. ओटीपी गेला आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नवऱ्याचा, आणि नवरा वसईकडच्या वीटभट्टीवर. अंगणवाडीच्या ताईंनी फोन लावला, तो उचलला जाईपर्यंत ओटीपी शिळा. पुन्हा पाठवला. मग आईला उजेडात उभं केलं, पापण्यांची उघडझाप करायला लावली. या साऱ्या वेळात तिला दिसली ती मोबाइलची पाठ.

मी तावातावानं म्हणालो, "ताई, यापेक्षा कागद बरा."

त्या हसल्या. "मग अकरा रजिस्टरं तुम्ही भरा, सर." आणि उंची-वजनाच्या तक्त्यावर बोट कसं फिरवावं लागायचं ते दाखवलं. एक ओळ घसरली, की सॅमचं (तीव्र कुपोषित) पोर मॅममध्ये (मध्यम कुपोषित). आता उंची-वजन टाकलं की ॲप स्वतःच सांगतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागदाचा कैवार मी तिथेच सोडला.

पण मॉर्लेंना सोडलं नाही. 1992-93 मध्ये शेजारच्या जव्हारमधल्या वावर-वांगणीत कुपोषणानं झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून इथला आकडा सतत वर जातोय: बीटला, प्रकल्पाला, जिल्ह्याला, मंत्रालयाला, आता दिल्लीला. त्या वाटेवरच्या प्रत्येकासाठी कुठला ना कुठला स्क्रीन आहे. आईसाठी नाही. उद्या स्क्रीन खरंच विरघळून यंत्र बोलू लागलं, तर ते बोलणार कुणाशी? त्या तज्ज्ञांना प्रश्नोत्तरांत हे विचारलं. ते म्हणाले, युजर म्हणजे सेविका. म्हणजे जिचं मूल, ती 'लाभार्थी'. तिनं चेहरा तेवढा द्यायचा.

पाड्यावर त्या दिवशी काट्यावरून पोरीला उतरवल्यावर आईनं विचारलं, वाढली का? ॲप पुढच्या मुलाच्या नावावर गेलं होतं. ताईंनी पिशवीतून स्वतःची एक लांबडी वही काढली. कुणी मागत नाही, तरी ठेवतात. पोरीच्या नावापुढे पेन्सिलीनं 8.4 लिहिलं. मागच्या महिन्यातही 8.4 च होतं. आई वाकली आणि दोन्ही आकड्यांवर आळीपाळीनं बोट ठेवून बघत राहिली.