कलमं गळालेला शब्द

आमच्याकडे लग्न ठरलं की आधी याद्या होतात. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं सतरंजीवर बसतात, फुलस्केप कागदाच्या कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लागतात, वर 'श्री' येतं आणि एकेक कलम कागदावर उतरू लागतं. मांडव कुणाच्या दारात, पानं किती, मानाच्या साड्या किती, करवलीचं काय, वऱ्हाडाची गाडी कुणाच्या खर्चाने. आमच्या एका मामांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून नात्यातल्या प्रत्येक यादीला त्यांना बोलावणं असायचं. ते दोन प्रती काढत, दोन्हीवर दोन्ही पक्षांच्या सह्या घेत आणि मगच पेढ्याला हात लावत. "तोंडी ठरलेलं मांडवात विरघळतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

स्पेनमध्ये नवरा-बायको कुणाची मालमत्ता कशी राहील याचा करार नोटरीसमोर करतात. त्या कराराला तिथे आजही 'कापितुलासिओनेस मात्रिमोनिआलेस' म्हणतात. म्हणजे लग्नाच्या याद्याच. हाच शब्द इंग्रजीत 'कॅपिट्युलेशन' होतो आणि त्याचा अर्थ निघतो शरणागती. लग्न आणि शरणागती यावर इथे विनोद करण्याचा मोह होतो, पण तो बाजूला ठेवतो. कारण प्रश्न खराच आहे. एका भाषेत ज्याला याद्या म्हणतात त्याला शेजारच्या भाषेत हार कसं म्हणू लागले?

लॅटिनमध्ये 'कापुत' म्हणजे डोकं. 'कापितुलुम' म्हणजे छोटं डोकं, अर्थात लिखाणातल्या एखाद्या भागाचा मथळा. आपला 'मथळा'ही माथ्यावरूनच आलेला, त्यामुळे मराठी माणसाला ही उडी समजावून सांगावी लागत नाही. चॅप्टर, कॅप्टन, कॅपिटल ही सगळी त्याच डोक्याची मुलंबाळं. मजकूर मथळ्यांखाली, कलमवार मांडायचा म्हणजे 'कॅपिट्युलेट' करायचं. आठव्या-नवव्या शतकात शार्लमेन बादशहाचे हुकूम असे प्रकरणांत पाडून निघत, म्हणून त्यांना 'कॅपिट्युलरी' म्हणत. त्यात कुणी कुणाला शरण जात नव्हतं. उलट, हुकूम सोडणाऱ्याचा तो शब्द होता.

मालिकेच्या सुरुवातीला 'रीकॅप' येतो, तोही 'रीकॅपिट्युलेट'चा तुकडा. मथळे पुन्हा एकदा वाचून दाखवणं, एवढाच त्याचा अर्थ. त्या शब्दाने मूळ अर्थ सांभाळला, धाकट्या भावाने घालवला.

घालवला तोही लगेच नाही. १७ एप्रिल १४९२ रोजी ग्रानाडाजवळच्या सांता फे इथे कोलंबसने राणी इसाबेला आणि राजा फर्दिनांद यांच्याशी करार केला. आपल्याला दर्यासारंगाची पदवी मिळावी, सापडतील त्या मुलखांचा व्हाइसरॉय करावं, तिथल्या मालाचा दहावा हिस्सा मिळावा, असा दर्यावर्दी माणसाचा रोखठोक हिशेब त्यात होता. या कागदाचं नाव 'सांता फेची कॅपिट्युलेशन्स'. १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सला सम्राट निवडताना जर्मन निर्वाचकांनी त्याच्याकडून अटी लिहून घेतल्या, त्यालाही कॅपिट्युलेशनच म्हणत. इथे कागदावर सही करणारा हरलेला नव्हता, तो गादीवर बसायला निघाला होता. शेक्सपियरच्या 'चौथा हेन्री'मध्ये हे क्रियापद येतं तेव्हा बंडखोर सरदारांनी आपसात कलमं ठरवली, एवढंच त्याला म्हणायचं असतं.

मग वेढे आले. युरोपातल्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या लढाया पुष्कळशा किल्ल्यांभोवती झाल्या, आणि किल्ल्याच्या लढाईला एक ठरलेला क्रम असे. तटाला खिंडार पडलं, आतलं धान्य सरत आलं, बाहेरून मदत येण्याची आशा मावळली, की किल्लेदार कागद पाठवी. कलम पहिलं, शिबंदी हत्यारांसह बाहेर पडेल. कलम दुसरं, ढोल वाजतील, निशाणं फडकत असतील. कलम तिसरं, जखमींना इथेच ठेवून औषधपाणी होईल. समोरचा सेनापती एकेका कलमापुढे 'मान्य', 'अमान्य' असं लिहून कागद परत करी. हा कागद म्हणजे कॅपिट्युलेशन. किल्ला हातचा जाणार हे दोघांनाही ठाऊक होतं. पण तो कसा जाईल, हे लिहिण्याइतकी जागा हरणाऱ्याकडे उरलेली होती.

याचं आपल्याकडचं उदाहरण वसईचं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे पोर्तुगीजांनी वसईचा कोट सोडला तो असाच, कलमं लिहून. सुरुंगांनी बुरूज उडाले होते, दोन्हीकडची हजारो माणसं पडली होती. तरी शिबंदी शस्त्रांसह, वाजतगाजत, बायकामुलं आणि सामान घेऊन गलबतांवर चढली, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेच्या धर्माला धक्का लागणार नाही असं ठरलं. जिंकणाऱ्याच्या छावणीतली ताजी प्रेतं डोळ्यांपुढे आणली म्हणजे या कलमांची किंमत कळते.

आपल्या बखरींत या गोष्टीला शब्द आहेत आणि ते फार नेमके आहेत. किल्ला 'कौल घेऊन' खाली केला जाई. कौल म्हणजे दिलेला शब्द, अभय. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, निवडणुकीत जनतेचा कौल मिळतो, पण वेढ्यातला कौल हा जीव वाचवणारा कागद होता. आतल्यांना सुखरूप बाहेर पडू देणं म्हणजे 'धर्मवाट' देणं. हा शब्द मला फार आवडतो. हरलेल्याला जायला वाट द्यायची, आणि ती वाट धर्माची.

जून १६६५ च्या पुरंदरच्या प्रसंगाकडे असंच पाहावं. मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत शिवाजी महाराज स्वतः गेले, तेवीस किल्ले दिले, बारा राखले. एखादा परका इतिहासकार याला शरणागती म्हणून मोकळा होईल. आपण 'पुरंदरचा तह' म्हणतो. त्यात महाराजांवरचं प्रेम आहेच, पण नुसतं प्रेम नाही, अचूकपणाही आहे. ज्या कागदावर बारा किल्ले राखल्याचं कलम आहे, तो कागद फक्त तेविसांचा नसतो.

मात्र कलमांचा शब्द हळूहळू लाजेचा शब्द होत चालला होता. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला ब्रिटिश सेनापती बर्गॉइन अमेरिकनांच्या कचाट्यात सापडला. शस्त्रं टाकायला तो तयार झाला, पण कागदावर कॅपिट्युलेशन हा शब्द नको, 'कन्व्हेन्शन' म्हणा, असा त्याने हट्ट धरला. फौज गेली तरी चालेल, शब्द नको! पुढे सव्वा वर्षाने, जानेवारी १७७९ मध्ये मावळात वडगावला महादजी शिंद्यांनी आणि नाना फडणीसांनी मुंबईकर इंग्रजांची कोंडी केली. तिथे झालेल्या कराराचंही इंग्रजी इतिहासातलं नाव 'कन्व्हेन्शन'च. राघोबादादांना हवाली करायचं आणि १७७३ पासून घेतलेला मुलूख परत द्यायचा, असं इंग्रजांनी कबूल केलं. फौज सुखरूप परतली आणि वरच्यांनी करार झिडकारला. गोड नाव ठेवलं म्हणून कलमं पाळली जातात असं नाही.

या शब्दाला खरा काळिमा लागला तो स्पेनमधल्या बायलेनला, जुलै १८०८ मध्ये. नेपोलियनचा सेनापती द्युपाँ सतरा-अठरा हजार माणसांसह स्पॅनिश फौजेपुढे नमला. कलमं लिहिलेली होती, फ्रेंच शिपायांना जहाजांतून मायदेशी पोहोचवायचं असं ठरलं होतं. प्रत्यक्षात त्यांची रवानगी कादिझच्या बंदरातल्या कुजक्या तुरुंग-जहाजांवर झाली, आणि पुढे पुष्कळांची काब्रेरा नावाच्या उजाड बेटावर. हजारो तिथे उपासमारीने मेले. कलमं मोडली स्पॅनिश बाजूने, पण नेपोलियनचा संताप कलमं लिहिणाऱ्या द्युपाँवर. लढत असलेल्या सेनापतीने कागद लिहायला बसणं हाच त्याच्या लेखी गुन्हा होता. माझ्या मते या शब्दाचं वळण इथे आहे. आतापर्यंत नाचक्की होई ती कलमं मोडणाऱ्याची. यापुढे ती लिहिणाऱ्याची होऊ लागली.

इस्तंबूलमध्ये याच शब्दाची गोष्ट निराळी झाली, आणि ती जास्त बोचरी आहे. सोळाव्या शतकात उस्मानी सुलतान ऐन भरात होते. फ्रेंच, इंग्रज व्यापाऱ्यांना त्यांनी सवलतींच्या सनदा दिल्या. जकात इतकीच पडेल, तुमचे आपसातले तंटे तुमचा वकील मिटवील. सुलतानाच्या दृष्टीने हे औदार्य होतं, हत्तीने वाटेतल्या मुंगीला जागा द्यावी तसं. युरोपीय भाषांत या सनदांना कलमवार असल्यामुळे कॅपिट्युलेशन्स म्हणू लागले. पुढे हत्ती वाळला आणि मुंगी फुगली. कलमं तीच, पण एकोणिसाव्या शतकात त्यांच्या आधाराने परकी माणूस तुर्की कायद्याच्या बाहेर राहू लागला. गुन्हा केला तर खटला त्याच्या स्वतःच्या वकिलातीत. सरकारला स्वतःची जकात वाढवायची तर परक्यांची परवानगी. आपल्याकडे बादशहा फर्रुखसियरच्या १७१७ च्या फर्मानाचं बंगालमध्ये काय झालं हे ज्याने वाचलं आहे, त्याला हे ओळखीचं वाटेल. महायुद्ध पेटताच १९१४ मध्ये तुर्कांनी ही कलमं एकतर्फी रद्द केली, १९२३ च्या लोझानच्या तहात ती कायमची पुसली गेली. तुर्की भाषेत 'कापितुलास्योन' हा शब्द आजही जखमेवर बोट ठेवल्यासारखा उच्चारला जातो. तिथे शब्दाचा अर्थ बदलला नाही, शब्द धरणाऱ्यांची ताकद बदलली.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, फेब्रुवारी १८६२ मध्ये, डोनेल्सन किल्ल्याच्या वेढ्यात उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँट याला अटी विचारल्या गेल्या. त्याने बिनशर्त शरणागतीखेरीज कोणतीही अट मान्य नाही असं कळवलं. त्याच्या नावाची आद्याक्षरंही नेमकी यू. एस., त्यामुळे 'अन्कंडिशनल सरेंडर' हेच त्याचं टोपणनाव पडलं. कलमांचा कागद फाडणारा म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण तोच ग्रँट तीन वर्षांनी, एप्रिल १८६५ मध्ये, ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्यासमोर बसला तेव्हा त्याने कागद काढून कलमं लिहिली. अधिकाऱ्यांनी कमरेची शस्त्रं स्वतःजवळ ठेवावीत, सगळ्यांनी घरी जावं, कुणावर खटला होणार नाही. लीने घोड्यांचा विषय काढला. दक्षिणेकडच्या शिपायांचे घोडे त्यांचे स्वतःचे असत. ग्रँट म्हणाला, घेऊन जाऊ देत, शेताच्या कामाला लागतील. शिवाय उपाशी फौजेला शिधा दिला. टोपणनाव मात्र पहिलंच राहिलं. लोकांना डोनेल्सन आठवतं, घोडे आठवत नाहीत.

जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांकाला रूझवेल्टनी तोच शब्दप्रयोग उचलला आणि तो युद्धाचा उद्देश होऊन बसला. मे १९४५ च्या जर्मन शरणागतीला जर्मन भाषेत 'बिनशर्त कापिटुलात्सिओन' म्हणतात. मुळाकडे पाहिलं तर याचा अर्थ होतो, 'कलमं नसलेली कलमवारी'. हिटलरच्या राज्याशी कलमं करावीत असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. पण त्या एका न्याय्य अपवादाने शब्दाचं पोट कायमचं रिकामं केलं.

आता तर समोर कुणी शत्रूही लागत नाही. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला, तेव्हा वाहिन्यांवरचे जाणकार 'कॅपिट्युलेशन'ची चर्चा करत होते. भाव निम्म्यावर आला तरी दात-ओठ खाऊन शेअर धरून बसलेला माणूस एका सकाळी 'काय येतील ते पैसे येऊ देत' म्हणून सगळं विकून टाकतो, त्याला बाजारात हे नाव आहे. यात वेढा नाही, सेनापती नाही, कागद नाही. माणूस शरण जातो तो स्वतःच्या भीतीला, आणि भीती कौल देत नाही. त्या दिवशी विकणाऱ्यांपैकी अनेकांनी वर्ष संपायच्या आत सेन्सेक्स ४७,००० च्या पुढे गेलेला पाहिला.

इंग्रजीला हसण्याआधी आपलं घर पाहावं. 'शरण' म्हणजे आसरा. शरणागत म्हणजे आसऱ्याला आलेला, आणि जबाबदारी पडायची ती आसरा देणाऱ्यावर. बिभीषण आला तेव्हा परीक्षा झाली ती रामाची. आज 'शरणागती पत्करली' या बातमीत त्या जबाबदारीचा मागमूस नसतो, फक्त मान खाली घातलेला माणूस असतो. 'राजीनामा' हा तर राजीखुशीचा कागद. हिंदीत आजही तो तडजोडीचा असतो. आपल्याकडच्या महसुली व्यवहारात कुळाने जमीन सोडताना तो लिहून द्यायचा आणि नव्या माणसाने कबुलायत, अशी जोडी होती. जोडीतली कबुलायत विसरली, आणि उरलेला राजीनामा आता बहुधा मागितला तरी जातो किंवा तोंडावर फेकला तरी जातो.

कलमांचं वजन किती असतं हे दुसऱ्या बाजीरावाच्या प्रकरणात दिसतं. जून १८१८ मध्ये त्याने कंपनीचा अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन होताना वर्षाला आठ लाखांचा तनखा ठरवून घेतला. माल्कमने फार सैल हाताने दिलं अशी त्याच्या वरिष्ठांची तक्रार होती. तनखा त्याच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी होता. १८५१ मध्ये बाजीराव वारला, कंपनीने तनखा बंद केला, आणि 'कुटुंब' या एका शब्दात दत्तक मुलगा येतो की नाही यावर नानासाहेब लंडनपर्यंत अर्ज करत राहिले. अर्ज फेटाळले गेले. त्यानंतर काय झालं ते कानपूरला विचारावं.

संप मिटतो, उपोषण सुटतं, मोर्चा घरी जातो, दोन पक्षांची युती जुळते. दुसऱ्या दिवशी मथळा येतो की अमुक नमले, तमुक झुकले, सरकारने गुडघे टेकले. असा मथळा दिसला की माथ्यावर थांबू नका, खाली उतरून कलमं शोधा. कुणाला काय मिळालं, काय राखलं, कुणाचे घोडे घरी गेले. बरेचदा ती छापलेलीच नसतात.