अंधारातलं पाणी

गोठ्यामागचा उकिरडा डोळ्यांपुढे आणा. त्यातलं मूठभर शेणखत हातात घ्या. वरचं काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं. हातभर खाली मात्र अजून ओलं, हिरवट. घाई करू नका. वास गेला, रंग पालटला की आपण म्हणतो, खत कुजलं. म्हणजे नेमकं काय संपलं?

शेण गाभण गाईचं असेल तर तिच्या गाभणपणाची खूणही त्यात उतरलेली असते. एस्ट्रॅडायॉल, एस्ट्रोन. कुणी टोचलेली नाहीत, तिच्याच अंगची संप्रेरकं. मुतातून जाताना ती बहुतेक बांधलेली, निजलेली असतात. शेणातले जंतू ती गाठ सोडतात आणि ती पुन्हा जागी होतात.

आता मूठ उघडा, खत वावरात पडू द्या. संप्रेरक मातीतल्या सेंद्रिय अंशाला चिकटतं. हवा खेळती असली की जंतू काही दिवसांत ते फोडतात. पाणी तुंबलं, हवा कोंडली की ते रेंगाळतं. पण जमिनीला भेगा असतात, गांडुळांची बिळं असतात. जोराचा पाऊस आला की पाणी मातीपाशी न थांबता त्या वाटेनं सरळ खाली उतरतं. (गांडुळाला दोष देववत नाही, पण वाट त्यानंच केलेली असते.) डेन्मार्कमध्ये शेताखालच्या निचऱ्याच्या नळ्यांत, खत घातल्यावर ३ महिन्यांपर्यंत ही संप्रेरकं सापडली.

इथून जरा दूर चला, अमेरिकेतल्या नेब्रास्कात. तिथं हजारो गुरं एकाच आवारात मांसासाठी पोसतात. अनेकांच्या कानाच्या मागल्या बाजूला कातडीखाली एक बारीक गोळी बसवलेली असते, ट्रेनबोलोनची. नराच्या संप्रेरकाची ही कृत्रिम नक्कल. युरोपीय संघात तिला बंदी आहे. एल्कहॉर्न नदीच्या खोऱ्यात अशा आवाराचं सांडपाणी उतरतं त्या प्रवाहातले फॅटहेड मिनो मासे तपासले, तेव्हा नरांची वृषणं लहान भरली. तो अभ्यास २००४ साली छापून आला.

मात्रा किती लागते? एक लाख लिटर पाण्याची विहीर मनात भरा. चिमटीला चिकटलेले मिठाचे चाळीस-पन्नास कण मोजा. तेवढ्या वजनाचं ट्रेनबोलोन त्या विहिरीत विरघळलं, तर प्रयोगशाळेत याच जातीच्या माद्यांची अंडी घटतात. मात्रा आणखी वाढली की मादीच्या डोक्यावर नराला येतात तशा पुटकुळ्या येतात.

आता तशाच एका ओढ्याकाठी बसा. दुपार आहे, ऊन थेट पाण्यात उतरलंय. उन्हात ट्रेनबोलोन काही तासांत मोडतं, म्हणून त्याचा धोका कमी मानला जात होता. त्या मोडण्यात खरं तर पाण्याचा एक रेणू त्याला येऊन जोडला जातो, इतकंच. २०१३ साली नेवाडा आणि आयोवाच्या संशोधकांनी पुढचं पाहिलं: अंधारात तो रेणू पुन्हा सुटतो आणि मूळचं ट्रेनबोलोन परत तयार होऊ लागतं. सगळं नाही, पण बरंचसं. पाणी कोमट असेल तर लवकर.

दुपारी तपासणीसाठी पाण्याची बाटली भरून नेणारा माणूस आता घरी पोचला असेल. त्याच्या बाटलीत ट्रेनबोलोन कमीच भरेल. इथं काठावर दिवस मावळतोय. दगड अजून गरम आहे, पाणी काळं होत चाललंय, आणि तळाशी एक मासा जागच्या जागी कल्ले हलवत थांबलाय.