सेवेतील अग्रत्व

सेवा करणारा मनुष्य स्वतःस विसरतो, आणि पुढारी होऊ पाहणाऱ्यास स्वतःचे भान क्षणभरही सोडून चालत नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आणि ती खरी धरली तर, माध्यमिक शाळेतील ज्या मुलामुलींना आपण समाजसेवेस लावतो आणि त्याच सेवेतून त्यांच्या अंगी नेतृत्व यावे अशी इच्छा बाळगतो, त्यांना आपण एकाच वेळी दोन विरुद्ध दिशांना चालण्याचा हुकूम करीत आहोत, असे म्हणावे लागेल. हा पेच केवळ शिक्षणशास्त्राचा नाही. अहंकाराचे विसर्जन आणि कर्तृत्वाचा उत्कर्ष एकाच जीवनात नांदू शकतात काय, हा मूळचा धर्मविचारातला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला ग्रंथांपेक्षाही आषाढी वारीच्या वाटेवरील एका शाळेत अधिक स्पष्टपणे दिसले.

पालखीच्या मुक्कामाचा तो दिवस होता. शाळेचे वर्ग आणि ओसऱ्या वारकऱ्यांना उतरण्यासाठी मोकळ्या केल्या होत्या. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना कामे वाटून दिली होती, आणि बिल्ला लावलेला एक मुलगा हातात हजेरीचा तक्ता घेऊन सर्वत्र फिरत होता. फाटकाजवळच्या टेबलावर पाणी देण्याचे काम नववीतल्या एका मुलीकडे होते. प्रशस्तिपत्र मिळते म्हणून आपण नाव दिले, असे तिने मला सकाळी निःसंकोचपणे सांगितले होते. दुपारी तिच्या ध्यानात आले की, टेबलापर्यंत येतात ती तरणी माणसे. ज्यांचे पाय चालून सुजले आहेत, ती म्हातारी माणसे भिंतीला टेकून कोरड्या घशाने बसून राहतात. तिने कोणास विचारले नाही. कळशी उचलली आणि ती ओसरीकडे गेली. पाणी पिऊन झाल्यावर एक वृद्धा तिच्या पायांशी वाकली तेव्हा मुलीने दचकून पाय मागे घेतले आणि म्हणाली, "आजी, मी लहान आहे." त्यावर ती वृद्धा सहज बोलून गेली, "वाटंवर लहान-मोठं काय गं, माउली?" मुलगी क्षणभर गोंधळली, मग खाली वाकून तिनेही त्या धुळीने माखलेल्या पायांवर डोके ठेवले.

वारकरी संप्रदायात परस्परांच्या पाया पडण्याची ही जी रीत आहे, तिच्यात सेवेचे सारे तत्त्वज्ञान साठवलेले आहे. देणारा उंच आणि घेणारा नीच, ही भावना जोवर मनात आहे तोवर परोपकार हादेखील सत्तेचाच एक सौम्य प्रकार असतो. आणि दुसऱ्याच्या दैन्यावर पाय ठेवून आपल्या गुणांची उंची वाढविणारा विद्यार्थी उद्या कितीही कार्यकुशल निघाला तरी, तो माणसांचा पुढारी न होता माणसांचा कंत्राटदार होईल. ज्याची सेवा करावयाची त्याच्यात 'माउली' पाहता आली, तरच सेवा करणाऱ्याचा अहंकार गळतो. पण तो गळाल्यावर कर्तृत्व उरते काय?

याचे उत्तर पालखीच्या तळावर मिळते. संध्याकाळी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीची समाजआरती होते तेव्हा दिंड्या तळावर उभ्या राहतात आणि टाळ-मृदंगांचा कल्लोळ चालू असतो. चोपदाराने दंड उंच केला की तो अफाट समुदाय एकदम निःशब्द होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ वाजतच राहतात. त्या आवाजाच्या रोखाने चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकून घेतो, आणि तिचा निकाल लागल्यावरच आरती होते. हजारोंना गप्प करण्याचे सामर्थ्य ज्याच्या दंडात आहे, त्याने ते सामर्थ्य वापरावयाचे ते एका दुःखिताचा आवाज ऐकू यावा म्हणून, हा या परंपरेचा दंडक आहे. ओसरीवरच्या तहानेचा मूक आवाज त्या मुलीस ऐकू आला, इतकेच तिचे नेतृत्व होते, आणि ते पुरेसे होते. अर्ध्या तासात पाच-सहा जणी आपापल्या कळश्या घेऊन तिच्या मागोमाग निघाल्या.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचा कारभारही त्यांच्याकडे होता. मुलांच्या खोल्यांत पसारा दिसला की फर्मान न काढता ते स्वतःच खोली झाडीत, कपड्यांच्या घड्या घालीत, आणि हे पाहून शरमलेली मुले हळूहळू आपण होऊन ती कामे करू लागली. गाडगे महाराज गावात आले की प्रथम हाती खराटा घेत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. दिवसभर ज्यांचा रस्ता झाडला त्यांना रात्री दोन कठोर शब्द सांगण्याचा अधिकार त्या खराट्यानेच त्यांना मिळवून दिला होता. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्यास लोकसंग्रह म्हटले आहे तो हाच. श्रेष्ठाच्या आचरणामागून लोक चालतात, त्याच्या आज्ञेमागून नव्हे.

आता कोणी म्हणेल की, प्रशस्तिपत्राच्या लोभाने आलेल्या मुलांना निष्काम कर्माची भाषा कशाला? हा आक्षेप मला निर्दय वाटतो. गीतेच्याच सातव्या अध्यायात आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत, आणि ज्ञान्याचा अधिकार विशेष मानूनही चौघांनाही उदारच म्हटले आहे. काही मागावयास आलेला मनुष्यही देवाच्या दारी आलेला असतो; मग पंधरा वर्षांच्या मुलाने दाखल्याच्या आशेने झाडू हाती धरला तर आपण त्यास दारातून का परतवावे? पावित्र्य ही सेवेची प्रवेश-परीक्षा नव्हे. ते सेवेचे फळ आहे. शिक्षकांनी जपावयाचे ते इतकेच की, काम खरे असावे, कोणाची तरी तहान त्याने खरोखर भागावी. छायाचित्रापुरत्या झाडलेल्या अंगणातून कोणाचेही मन झाडून निघत नाही.

त्या दिवशी टेबलावर ती मुलगी दिसली नाही, म्हणून तक्त्यात तिच्या नावापुढे गैरहजेरीची फुली पडली होती. ती जागा कोणाच्या परवानगीने सोडली, हे विचारण्यासाठी बिल्लेवाला मुलगा ओसरीपाशी आला, आणि समोरचे दृश्य पाहून काही वेळ नुसताच उभा राहिला. मग त्याने पेन्सिलीने ती फुली खोडली, 'टेबल' या शब्दावर रेघ मारून 'ओसरी' असे लिहिले, आणि तक्ता काखेत मारून तोही रिकामी कळशी भरावयास नळाकडे वळला. दुसऱ्या दिवशी पहाटे पालखी हलली. उष्ट्या पत्रावळींनी भरलेले पटांगण झाडून झाल्यावर विद्यार्थी आपापली हजेरी पाहण्यासाठी त्या तक्त्याभोवती जमले, तेव्हा ती मुलगी मात्र त्यांच्यात नव्हती. कोणाची तरी विसरलेली काठी घेऊन ती पालखीच्या वाटेने धावत गेली होती.