फळ्यावरचा स्वल्पविराम

पुण्याच्या पेठेतल्या आमच्या शाळेत जिन्याखाली एक लहान काळा फळा होता. वर पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचं रंगवलेलं ‘आजचा दिनविशेष’, डाव्या कोपऱ्यात तिथी, उजव्या कोपऱ्यात तारीख, आणि मजकुराला जेमतेम दोन ओळींची जागा. अक्षर बरं म्हणून नववीत हे काम माझ्या गळ्यात पडलं. २४ सप्टेंबरला मी लिहिलं, ‘सत्यशोधक समाजाची स्थापना, पुणे.’ मागून आलेले मराठीचे सर थांबले. “आणि पुणे करार?” “सर, जागा नाही.” “मग अक्षर बारीक काढ.” मी डस्टर फिरवलं आणि बारीक अक्षरात दोन्ही बसवलं: ‘सत्यशोधक समाजाची स्थापना, पुणे करार.’ मधल्या सुट्टीत पाचवीतल्या एका मुलाने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, “करार केला कोणाशी?”

दोष त्याचा नव्हता, माझ्या स्वल्पविरामाचा होता. एकोणसाठ वर्षांचं अंतर त्याने गिळून टाकलं होतं.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात उपोषणाला बसलेल्या गांधींचा जीव वाचवणारा करार झाला आणि त्यावर डॉ. आंबेडकरांनी सही केली. गाव तेच, तारीख तीच. गंज पेठेतल्या फुल्यांच्या घरापासून येरवडा आज रिक्षाने अर्ध्या तासावर आहे, सिग्नल लागले तर पाऊण. त्यात आंबेडकर फुल्यांना गुरू मानणारे. इतकं जुळल्यावर ‘इतिहासाचा विलक्षण योग’ हे शब्द आपोआप जिभेवर येतात. आले की थोडं पाणी प्यावं.

कारण हा योग फक्त इंग्रजी कॅलेंडरात आहे. पंचांगाने पाहिलं तर १८७३चा तो बुधवार आश्विन शुद्ध पक्षातला, ऐन नवरात्रातला. १९३२चा शनिवार भाद्रपद वद्यातला, म्हणजे पितृपक्षातला. एका दिवशी घरोघरी घट बसलेले, दुसऱ्या दिवशी पानं वाढलेली. त्या काळच्या पुणेकराला हे दोन दिवस एकच आहेत असं कोणी सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्याकडे नीट निरखून पाहिलं असतं.

आणि करारासाठी २४ तारीख कोणी निवडलेलीही नव्हती. उपोषण २० सप्टेंबरला सुरू झालं, तब्येत झपाट्याने ढासळली, वाटाघाटींना घाई आली. सह्यांचा दिवस ठरवला तो एका माणसाच्या शरीराने. शरीर जरा चिवट निघतं तर करार २५लाही झाला असता, आणि माझ्या फळ्यावर सत्यशोधक समाज ऐसपैस राहिला असता.

तारखा जुळवण्याचा हा नाद किती फसवा असतो, ते दर पावसाळ्यात मोबाइलवर येणाऱ्या एका निरोपात दिसतं. १२ जुलै: १६६०च्या याच रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटले, मग बाजीप्रभूंनी खिंड अडवली, आणि १९६१मध्ये याच तारखेला सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. दोन्हीकडे पाऊस, दोन्हीकडे रात्रभर झुंज. वाचताना अंगावर काटा येतो. पण सतराव्या शतकातल्या मराठ्यांच्या इतिहासाच्या तारखा आपण जुन्या ज्युलियन पद्धतीने लिहितो. इंग्लंडनेच ती १७५२मध्ये सोडली. आजच्या पद्धतीने मोजलं तर पन्हाळ्याची ती रात्र २२ जुलैला पडते. त्याच हिशेबाने महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० म्हणजे १ मार्च. पण पुण्यात हे फार मोठ्याने बोलू नये. तारीख की तिथी या वादातच इथे पुरेशी मंडळी गुंतलेली आहेत, तिसरा दिवस कोणाला नको आहे.

मग सगळ्याच जुळण्या फोल? तसंही नाही. २५ डिसेंबर घ्या. १८७३च्या या दिवशी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, सीताराम आल्हाट आणि राधा यांचं, भटजीवाचून. १९२७च्या याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली गेली. इथे दुसरी तारीख तरी आकाशातून पडलेली नाही. महाडची परिषद २५ ते २७ डिसेंबर अशी भरली, कारण तो नाताळ होता. कचेऱ्या बंद, शाळा बंद, कारकून आणि मास्तर मोकळे. काँग्रेसची अधिवेशनंही म्हणूनच डिसेंबरअखेर भरत. १८८५चं पहिलं तर पुण्यातच नाताळच्या दिवसांत व्हायचं होतं, कॉलरा आला म्हणून ते मुंबईला गेलं. साहेबाच्या देवाचा वाढदिवस साहेबाच्या राज्याविरुद्ध आणि इथल्या धर्मशास्त्राविरुद्ध बोलायला सोयीचा पडला. वसाहतीच्या काळातल्या कितीतरी ‘योगायोगां’च्या पोटात असं सुट्ट्यांचं वेळापत्रक बसलेलं सापडतं.

या २५ डिसेंबरची मौज इथेच संपत नाही. सीताराम आणि राधा यांच्या लग्नाचा दिवस पौष शुद्धातला आहे. पौषात आपल्याकडे लग्नं करत नाहीत. जोश्याला विचारलं असतं तर त्याने हा मुहूर्त काढलाच नसता, आणि मुळात जोश्याला विचारायचं नाही हाच तर त्या लग्नाचा मुद्दा होता. महाडची ती रात्रही पौषाच्या सुरुवातीचीच. म्हणजे एरवी जुळणाऱ्या तारखांच्या तिथी जुळत नाहीत. या दोन दिवशी महिना आणि पक्षही जुळतात, तेही ज्यांनी पंचांगाची सत्ता झुगारली त्यांच्याच बाबतीत. याला मी कसलाही अर्थ चिकटवत नाही. पण गंमत वाटली तर वाटू द्यावी.

आता पुन्हा त्या स्वल्पविरामाकडे. मला वाटतं तो तारखेमुळे खोटा होता, आशयामुळे नव्हता. सत्यशोधक समाजाचा गाभा एका शब्दात सांगायचा तर मध्यस्थ नको. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. लग्नाला नको, श्राद्धाला नको. १९३२चं भांडणही मध्यस्थाचंच होतं. ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते: आपला प्रतिनिधी आपणच निवडायचा, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघात दुसरं मतही होतं. गांधींचं उपोषण याविरुद्धच होतं. पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१वरून १४८वर नेल्या, पण मतदारसंघ संयुक्त केले. आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांचं पॅनेल निवडायचं, मग त्या चौघांतला एक सगळ्यांनी मिळून. जागा दुप्पट झाल्या आणि शेवटचा शब्द बहुसंख्याकांच्या हाती गेला. १८७३मध्ये दारातून बाहेर काढलेला मध्यस्थ १९३२मध्ये मतपेटीच्या वाटेने आत आला, असं मी म्हणेन. यावर वाद होऊ शकतो, व्हावा. जागा दुप्पट होणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हती, आणि ज्या माणसाच्या मृत्यूचं खापर गावोगावच्या अस्पृश्य वस्त्यांवर फुटलं असतं त्याच्या उशाशी बसून तत्त्वाला चिकटून राहा असं आज आरामखुर्चीतून सांगणं सोपं आहे.

सह्यांची यादी पाहण्यासारखी आहे. गांधींची सही तिच्यात नाही. त्यांचे चिरंजीव देवदास यांची आहे. पां. ना. राजभोज यांची आहे, ज्यांनी तीनच वर्षांपूर्वी पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी पुण्यात सत्याग्रह केला होता. आणि पी. बाळू यांची आहे. हे बाळू म्हणजे पालवणकर बाळू, पुण्याच्या मैदानावर गोऱ्या साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकून टाकून घडलेला डावखुरा गोलंदाज. हिंदूंच्या संघाने त्यांना खेळायला घेतलं, कारण जिंकायचं होतं. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात. संयुक्त संघात खेळणं म्हणजे काय, हे त्या कागदावर सही करणाऱ्या कोणाला अनुभवाने ठाऊक असेल तर ते या माणसाला. त्याने सही केली. पाच वर्षांनी मुंबईत आंबेडकरांविरुद्ध निवडणूक लढवली आणि हरला. या एका सहीवर मी त्या दिवसाचे बाकीचे सगळे योगायोग ओवाळून टाकायला तयार आहे.

तिसरा २४ सप्टेंबर मात्र ठरवून आला. खडकीच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत कांशीराम नावाचा पंजाबी तरुण नोकरीला होता. साठच्या दशकात तिथे आंबेडकर जयंतीची सुट्टी रद्द झाली. दीनाभाना या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला, त्याला निलंबित केलं गेलं, आणि कांशीराम त्याच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या राजकारणाची सुरुवात इथली. म्हणजे पुन्हा सुट्टीच. १९८२ साली पुणे कराराला पन्नास वर्षं झाली, तेव्हा त्यांनी ‘चमचा युग’ हे इंग्रजी पुस्तक नेमकं २४ सप्टेंबरला काढलं. दुसऱ्याच्या मतांवर निवडून येतो तो दुसऱ्याचा चमचा होतो, हा त्यातला आरोप, रोख करारावर. संघटनांच्या स्थापनेलाही ते ६ डिसेंबर आणि १४ एप्रिल असे आंबेडकरांशी जोडलेले दिवस निवडत. ज्यांच्या हाती वर्तमानपत्रं नाहीत, पुतळ्यांच्या जागा नाहीत, त्यांना कॅलेंडर तरी फुकट मिळतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

नागपूरला तर एकाच घटनेचे दोन दिवस झालेत. आंबेडकरांचं १९५६चं धर्मांतर १४ ऑक्टोबरचं, त्या वर्षी तो दसरा होता. दीक्षाभूमीवर लोटणारी मोठी गर्दी आजही दसऱ्याची असते, आणि १४ तारीख पाळणारेही आहेत. कोणी कोणाला चुकीचं म्हणत नाही. हा शहाणपणा पुण्यात आला तर शिवजयंतीचे निम्मे लेख छापावेच लागणार नाहीत.

तिथी आणि तारीख साधारण दर १९ वर्षांनी पुन्हा एकमेकींना भेटतात. १८७३पासून आठ वेळा एकोणीस वर्षं मोजली की २०२५ येतं. त्या वर्षीचा २४ सप्टेंबर पुन्हा नवरात्रात आला होता. १९३२पासून मोजत गेलं की १९५१, १९७०, १९८९, २००८ आणि मग २०२७. म्हणजे शाळेतला तो फळा अजून असेल, आणि अक्षर बरं असलेला कोणी सापडला असेल, तर २०२७मध्ये त्याला डाव्या कोपऱ्यात भाद्रपद वद्य लिहावं लागेल. मजकुराच्या ओळी तेव्हाही दोनच असतील. एकीवर सत्यशोधक समाज, दुसरीवर पुणे करार, आणि प्रत्येकापुढे त्याचं त्याचं साल, एवढं त्यात बसतं. मी तेव्हा साल लिहिलं नव्हतं.