खिडकीचे दुसरे तावदान

घराला खिडकी कशासाठी असते, असे वर्गात विचारले तर मुले एका सुरात सांगतील, "हवा आणि उजेड यावा म्हणून." गेले दोन महिने आमच्या घरात मात्र उलटा प्रश्न चालला होता. खिडकीतून काय येऊ नये?

ट्रॉम्बेच्या ज्या रस्त्याला लागून आम्ही राहतो, तो एके काळी नऊ वाजताच झोपी जाई, असे आई सांगते. आता पहाटेच्या पहिल्या बसपासून रात्रीच्या शेवटच्या मोटारसायकलीपर्यंत तो बोलतच असतो. मी रात्री लिहायला बसतो. कादंबरीतली नायिका निरोप घेऊ लागली की नेमका एखादा टेम्पो मागे येऊ लागतो आणि त्याची पिपाणी वाजते. नायिकेचे एक वेळ सोडून देऊ, पण गेल्या पावसाळ्यात आईला झोपेची गोळी सुरू झाली, तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, आता त्या खिडकीचे काहीतरी करायलाच हवे."

दोन माणसे येऊन खिडकी पाहून गेली. पहिला काचेच्या दुकानातला तरुण. त्याचे म्हणणे, वडिलांनी बसवलेली सागवानी खिडकी चौकटीसकट काढून टाकावी आणि तिथे जोडकाचेची नवी खिडकी बसवावी. दुसरे आमचे जुने सुतार. त्यांनी बिजागरीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, ही खिडकी अजून तुमच्या नातवाला पुरेल. हिला हात लावू नका. आतल्या अंगाला आणखी एक खिडकी करून देतो. हवी तेव्हा लावा, नको तेव्हा उघडा."

माझे विज्ञान मॅट्रिकपर्यंतचे, म्हणून जाणत्यांना विचारले. जोडकाच ही मुळात थंड देशांतली सोय. दोन काचांमध्ये साधारण 12 ते 16 मिलिमीटर जागा ठेवून कडा पक्क्या बंद करतात. आत कोंडलेली हवा घरातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. पण ट्रॉम्बेला ऊब राखण्याची चिंता कोणाला आहे? आवाजाचे गणित निराळे. दोन काचांत अंतर जितके जास्त, तितका आवाज अधिक अडतो. 100 मिलिमीटर, म्हणजे अर्धी वीत अंतर असले तर उत्तम. दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या असाव्यात आणि फटी रबरी पट्टीने बुजवाव्यात. शिवाय जोडकाचेची कड एकदा सुटली की आत वाफ धरते, आणि मग सबंध काचच बदलावी लागते. व्हिएन्नातल्या जुन्या घरांना अशाच एकामागे एक दोन खिडक्या असत. म्हणजे आमच्या सुतारांचे शहाणपण बरेच दूरवर पसरलेले होते.

हिशेब संपला असे मला वाटले. तोच आई म्हणाली, "अरे, श्रावणातली ती रात्र विसरलास का?"

त्या रात्री तळमजल्यावरच्या काकू न्हाणीघरात घसरून पडल्या. घरात एकट्याच होत्या. त्यांनी मारलेली हाक आमच्या खिडकीतून वर आली आणि ती प्रथम आईनेच ऐकली. झोप लागत नव्हती म्हणूनच ऐकली. आम्ही धावलो, वेळेवर इस्पितळात नेले. "ही काच तेव्हा असती तर?" आईने विचारले. कोणी काही बोलले नाही.

आमच्या शेजारीच भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. 1954 साली ते सुरू झाले आणि 1967 साली त्याला डॉ. भाभांचे नाव मिळाले. किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याच्या कोठड्यांना शिसे मिसळलेल्या जाड काचेच्या खिडक्या असतात. आतले स्पष्ट दिसावे, पण मारक किरण बाहेर येऊ नयेत, ही त्या काचेची करामत. प्रश्न एवढाच, की शेजाऱ्याची हाक ही मारक किरणांच्या यादीत घालायची का? काचेतून काकू दिसतील, पण ऐकू येणार नाहीत. आणि जे दिसते पण ऐकू येत नाही, त्याविषयी माणूस फार लवकर निश्चिंत होतो.

तुम्ही म्हणाल, आजारी माणसाची झोप म्हणजे काही चैन नव्हे. मान्य. कायदाही तेच म्हणतो. 2000 सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाज 45 डेसिबलच्या वर जाऊ नये. पण इथेच माझे मन अडखळते. काच घेण्याची ऐपत ज्याची, अर्ज लिहिण्याची ऐपतही बहुधा त्याचीच. त्याने काच लावली की त्याच्यापुरता गोंगाट संपला. मग अर्ज कोण लिहिणार? खाली कट्ट्यावर निजणारा रखवालदार, रस्त्याकडेच्या खोलीतली बाळंतीण, यांच्या वाट्याचा आवाज तसूभरही कमी होत नाही. त्यांच्या बाजूने तक्रार करणारा एक माणूस मात्र कमी होतो.

हे मी घरात बोलून दाखवले, तेव्हा धाकटा म्हणाला, "बाबा, मग आपण रात्री माळ लावायची का?" दहानंतर आवाजाच्या फटाक्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2005 सालीच मनाई केली आहे, हे मला ठाऊक होते, गेल्या वर्षी साडेदहाला माळ पेटवताना मात्र ते आठवले नव्हते. दुसऱ्याच्या खिडकीतून आत जाणारा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, हेच खरे.

शेवटी दसऱ्याला सुतारांनी आईच्या खोलीत आतली खिडकी बसवली. वडिलांची खिडकी जागच्या जागी राहिली. आई त्या रात्री गोळीवाचून झोपली. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीचे माप घ्यायला ते वळले, तेव्हा मी त्यांना थांबवले. आईने इतकी वर्षे जागून ऐकले. आता तिने झोपावे आणि पाळी माझी. घराचा एक कान उघडा हवाच.

अर्ज लिहून झाला आहे. इमारतीतल्या सह्या गोळा करतो आहे; पहिली सही काकूंनी केली. यंदा आमची माळ दहाच्या आत वाजणार आहे. नायिकेचा निरोप अजून टेम्पोच्या पिपाणीत अडकला आहे, पण तिलाही सांगितले आहे, "बाई, जरा थांब. खाली कोणी हाक मारते का, ते आधी ऐकू दे."